आगीतून फुफाट्यात

भाच्याचा फोन रात्री साडेअकराला आला, तेव्हाच मी ओळखलं की याला एक तर पैसे हवेत, नाहीतर आईपासून काहीतरी लपवायचंय. तो हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या एका बड्या हॉटेलच्या किचनमध्ये ट्रेनिंग घेतोय. "मामा, आईला बोलू नकोस हं. आज सॅलमँडरवर हात भाजला."

मी गार. माझा धंदा भाषांतराचा. त्याच आठवड्यात मुलांच्या एका पुस्तकाचं मराठी करताना सतराव्या पानावर नेमका हाच प्राणी आडवा आला होता आणि चार दिवस झाले तरी जागचा हलत नव्हता. चित्रातला सॅलमँडर काळा, ओला, अंगावर हळदीसारखे पिवळे ठिपके. शेवाळावर बसून पावसाचे थेंब झेलतोय. आणि इथे माझा भाचा म्हणतो, त्याच्यावर हात भाजला.

"किचनमध्ये? जिवंत होता?"

"मामा," भाचा म्हणाला. हल्लीची पोरं ज्या सुरात मोठ्यांना फोनवरून पैसे पाठवायला शिकवतात, तोच सूर. "सॅलमँडर म्हणजे वरून तापणारी शेगडी असते. डिश खाली सरकवायची, वरून लालभडक आच. चीजवर तो तपकिरी रंग येतो ना, तो त्याच्यावर."

"मग तिला सॅलमँडर का म्हणतात?"

"शेफला विचारलं तर म्हणाला, काम कर."

फोन ठेवला आणि माझी झोप गेली. ज्याला दोन तास ऊन लागलं तर सुकून जाईल, अशा प्राण्याचं नाव शेगडीला ठेवायचं हे डोकं कुणाचं? दुसऱ्या दिवशी शोधलं तर कळलं, शेगडी ही नात आहे. तिची आजी म्हणजे लांब दांड्याची लोखंडाची जाड चकती. युरोपातल्या जुन्या स्वयंपाकघरांत ही चकती निखाऱ्यांत खुपसून लाल करत आणि पदार्थाच्या डोक्यावर धरत. पदार्थाचा वरचा थर तिच्या आचेनं खरपूस होई. आगीत राहूनही जळत नाही म्हणून तिचं नाव सॅलमँडर. आपल्याकडेही ताकाच्या कढीला फोडणी द्यायला पळी लाल करतात, पण तिला कुणी घोरपड म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मधल्या काळात बातमी फुटली. बहिणीचा फोन आला. तिच्यापर्यंत ती तिसऱ्या कुणाकडून, म्हणजे पुरेशी चुरगळून पोचली होती. "त्या हॉटेलात म्हणे पाली ठेवतात, आणि त्यातली एक याला चावली?" मी समजावलं. ती म्हणाली, "ते काही नाही. पंचांगात बघते."

बघण्यासारखं पंचांगात आहेच. पल्लीपतन, म्हणजे अंगावर पाल कुठे पडली की काय फळ मिळतं, याचा आपल्याकडे रीतसर तक्ता असतो. डोक्यावर, खांद्यावर, डावीकडे, उजवीकडे. सरडा अंगावर चढल्याचा हिशेब शेजारीच. दीड इंचाच्या एका जिवाचा तोल भिंतीवरून गेला की त्यावरून माणसाचं भविष्य ठरतं. त्या पालीचं काय झालं, तिला लागलं का, याचा रकाना मात्र कुठेच नाही.

हा रकाना कुठल्याच देशात नाही, हे मला सॅलमँडरमुळे कळलं.

आधी प्राण्याची ओळख करून देतो, कारण पुढे जे जे लोक भेटणार आहेत त्यांनी ती करून घेतलेली नाही. युरोपातला हा सॅलमँडर पाहायचा तर बीचच्या जंगलात जावं लागतं. बीच म्हणजे समुद्रकिनारा नाही, झाड आहे. तेही पाऊस पडून गेलेल्या रात्री. दिवसभर हे महाशय कुजक्या ओंडक्याखाली पडून असतात. अंधार पडला, माती भिजली, की बाहेर येतात आणि गांडुळं, गोगलगायी असला सावकाश पळणारा शिकारवर्ग गाठतात, कारण जोरात पळणारा त्यांना झेपत नाही. लांबी वीतभर. डोळे मोठे काळेभोर, चेहऱ्यावर भाव असा की आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवलंय. डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी, त्रास दिला तर तिथून पांढरा विषारी चीक येतो. आगीशी त्याचं नातं पावसात भिजलेल्या काडेपेटीइतकं.

दिसायला तो पालीसारखा, पण पालीचा कुणीच नाही. पालीच्या अंगावर खवले असतात, याच्या अंगावर नुसती ओली कातडी. तो बेडकाचा चुलत भाऊ. शेपूट न गळलेला बेडूक म्हटलं तरी चालेल. शास्त्रीय मराठीत अशा प्राण्यांना उभयचर म्हणतात. हा शब्द इतका सुंदर आहे की तो फक्त बेडकांसाठी राखून ठेवणं हे आपल्या राजकीय बातमीदारीचं नुकसान आहे.

मग याला मराठीत म्हणायचं काय? माझ्या चार दिवसांच्या धडपडीत 'आगपाल' होऊन गेली. ते विमा कंपनीचं नाव वाटलं. 'अग्निसरट' लिहून पाहिलं. त्याला यज्ञोपवीत घालावंसं वाटलं. 'ठिपकेपाल' बरं होतं, पण पुन्हा पाल. मराठीत शब्द नाही, कारण मराठी मुलखात हा प्राणीच नाही. जी गोष्ट परसात नाही तिला शब्द नसणं हा भाषेचा प्रामाणिकपणा झाला. युरोपच्या परसात तो होता, शब्द होता, आणि तरी दोन हजार वर्षं त्यांनी त्या शब्दाखाली भलतंच काहीतरी साठवलं.

घडलं असं असणार. थंडीत हा प्राणी पोकळ ओंडक्यात शिरून गप्प पडायचा. माणूस तो ओंडका खांद्यावर टाकून घरी आणायचा आणि चुलीत सारायचा. आच लागली की आतला जीव तडफडत बाहेर यायचा. अंगाला ओल, वर चिकाचा लेप, त्यामुळे क्षण दोन क्षण तग धरायचा. पाहणाऱ्यानं निष्कर्ष काढला, की हा आगीत जन्मला, आगीत राहतो. घर पेटल्यावर बाहेर धावलेल्या माणसाला अग्निदेव म्हणून नमस्कार करावा, तसलाच हा प्रकार.

ॲरिस्टॉटलनं हे लिहून ठेवलं. सॅलमँडर आगीतून चालतो आणि चालता चालता ती विझवतो. मात्र त्या वाक्यात त्यानं 'असं म्हणतात' हे शब्द घातले. शहाणा माणूस. वाचणाऱ्यांनी ते शब्द तेवढे गाळून बाकीचं पुढे पाठवलं. ही रीत काही मोबाइल आल्यावर सुरू झालेली नाही.

त्यानंतर आला रोमचा प्लिनी. इ. स. 77 च्या सुमाराला त्यानं निसर्गाबद्दलची सगळी माहिती एका ग्रंथात कोंबली. सॅलमँडर इतका थंड असतो की बर्फासारखा आग विझवतो, हे त्यानं एका ठिकाणी लिहिलं. त्याचा चीक अंगाला लागला तर केस झडतात. तो झाडावर चढला तर झाडाची झाडून सगळी फळं विषारी होतात. पण पुढे एका जागी याच प्लिनीला शंका आली. मांत्रिक लोक सांगतात त्याप्रमाणे हा प्राणी खरंच आग विझवत असता, तर रोमनं एव्हाना त्याचा अनुभव घेतलाच असता, असं त्यानं म्हटलंय. हे म्हणायला तो हक्काचा माणूस होता. जेमतेम तेरा वर्षांपूर्वी, 64 साली, रोम शहर दिवसेंदिवस जळत होतं. चौकाचौकात सॅलमँडरची बादली टांगलेली असती तर नीरोची बदनामी टळली असती. प्लिनीची ही शंका मात्र कुणी उचलली नाही. केस झडण्याची गोष्ट उचलली. बिचारा 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला.

आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग. स्थळ फ्लॉरेन्स, साल 1505 च्या आसपास. बेनवेनुतो चेल्लिनी, जो पुढे मोठा सोनार आणि शिल्पकार झाला, तो तेव्हा पाचेक वर्षांचा. घरात धुणं झालेलं आहे, ओकच्या लाकडांची आग अजून धगधगतेय, वडील शेकोटीपाशी एकटेच वाद्य वाजवत गातायत. अचानक त्यांना निखाऱ्यांच्या मधोमध पालीसारखं काहीतरी खेळताना दिसतं. ते बेनवेनुतोला आणि त्याच्या बहिणीला हाक मारतात, बोटानं दाखवतात, आणि मुलाच्या कानाखाली सणसणीत वाजवतात. पोर भोकाड पसरतं. वडील जवळ घेतात, समजूत घालतात. तू काही वाईट केलंस म्हणून मारलं नाही रे, हा जो प्राणी दिसतोय तो सॅलमँडर आहे, आणि ही गोष्ट तुझ्या कायम लक्षात राहावी म्हणून मारलं. मग पापा घेऊन हातावर थोडी नाणी ठेवतात.

चेल्लिनीनं हे आत्मचरित्रात लिहिलंय, म्हणजे पद्धत लागू पडली. आमच्या पिढीची पावकी-निमकी याच पद्धतीनं पाठ झाली, फक्त नंतरची नाणी मिळाली नाहीत. पण त्या खोलीतल्या चौघांची मांडणी जरा पाहा. बाप साक्षात्काराच्या आनंदात. मुलगा गाल चोळतोय. बहीण, बहुधा, एक पाऊल मागे. आणि चौथा आगीत. बापाला वाटलं तो खेळतोय. चिमटा त्या घरात नक्की असणार. तो कुणी उचलला नाही.

हाच चेल्लिनी पुढे फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्स्वा राजाकडे नोकरीला गेला, आणि या राजाचं चिन्ह काय असावं? सॅलमँडर. ज्वाळांमध्ये ऐटीत मान वळवून बसलेला, डोक्यावर मुकुट. सोबत लॅटिन ब्रीद, त्याचा भावार्थ असा की मी पोसतो आणि विझवतो. म्हणजे चांगल्या आगीला पोसतो, वाईट आगीला विझवतो. शाँबोरच्या राजवाड्याचं बांधकाम 1519 मध्ये सुरू झालं. तिथल्या छतांवर आणि भिंतींवर असे सॅलमँडर शेकड्यांनी कोरलेले आहेत. गाइड पर्यटकांना माना वर करून मोजायला लावतात. हाडामांसाचा सॅलमँडर मात्र या सगळ्या दगडी भाऊबंदांकडे पाठ करून बाहेरचा ओला पाचोळाच पसंत करील असं वाटतं.

खरं सांगणारा माणूस याच्या दोनशे वर्षं आधी येऊन गेला होता. मार्को पोलो. युरोपात तेव्हा 'सॅलमँडरची लोकर' म्हणून एक कापड सांगितलं जायचं, मळलं की आगीत टाकायचं, पांढरंशुभ्र होऊन बाहेर. मार्को पोलोनं 1298 मध्ये जेनोआच्या तुरुंगात आपली प्रवासहकिकत सांगताना स्पष्ट केलं, की सॅलमँडर हा प्राणी नाहीच, ते डोंगरातून खणून काढतात असं खनिज आहे. ते वाळवतात, कुटतात, धुतात, त्याचे धागे निघतात, धाग्यांचं कापड होतं. म्हणजे आपलं ॲस्बेस्टॉस. सगळी कृती त्यानं दिली. इथे एक गंमत झाली. खरं सांगण्याच्या भरात त्यानं त्या प्राण्यालाच यादीतून काढून टाकलं. आधी आगीत घातला होता, आता नाहीच म्हणून सांगितला. यालाच आगीतून फुफाट्यात म्हणतात.

फारसीतही हा आहे, आणि तिथून तो आपल्या फार जवळ येऊन गेलाय. फारसीत या अग्निवासी जिवाला 'समंदर' म्हणतात. उर्दूत सागर तो समंदर आणि हा आगीतला प्राणीही समंदर, लिहायला एकसारखे. गालिबच्या एका शेरात जो समंदर येतो तो हा, आगीच्या घरात राहणारा. आता कल्पना करा, पुण्यात किंवा औरंगाबादेत गझलेची मैफल रंगलीय, गायक तो शेर आळवतोय, 'समंदर' शब्दावर तान घेतोय, आणि पुढच्या रांगेतले जाणकार डोळे मिटून निळाशार अरबी समुद्र बघत 'क्या बात है' म्हणतायत. मीही म्हटलंय. एकदा नाही, तीनदा. एका वीतभर ओल्या प्राण्याला दाद दिली हे मला पन्नाशीनंतर कळलं. त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की दाद देताना मी त्याला पाण्यात तरी पाहत होतो. आजवर ज्यांनी ज्यांनी त्याचं नाव घेतलं, त्यांच्यातला त्याच्या घराच्या सगळ्यात जवळ पोचलेला अडाणी मीच.

पॅरासेल्सस नावाच्या सोळाव्या शतकातल्या वैद्यानं तर चार तत्त्वांना चार आत्मे वाटून दिले. पाण्याला, वाऱ्याला, मातीला एकेक, आणि आगीचा मान सॅलमँडरला. पाणी किंवा माती मागितली असती तर बिनविरोध निवड झाली असती. पण खातेवाटप करताना अनुभव विचारण्याची पद्धत तेव्हाही नव्हती.

राजकारणाचं नाव निघालंच आहे तर अमेरिकेत जाऊन येऊ. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीनं मतदारसंघांची नवी आखणी झाली, अर्थात आपल्या पक्षाला सोयीची. त्यात एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ गावांना वळसे घालत असा काही वाकडा झाला, की बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानं त्या नकाशाला पंख, नखं आणि दात काढून छापलं. हा तर सॅलमँडर, असं कुणी म्हणालं, आणि गेरी अधिक सॅलमँडर मिळून 'गेरीमँडर' झाला. सोयीचे मतदारसंघ कापण्याला जगभर आज हाच शब्द आहे. गेरी पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरही त्यांची सही आहे. पण लोकांच्या लक्षात राहिली ती नकाशावरची. सॅलमँडरच्या बाजूनं माझी तक्रार वेगळीच आहे. त्याला पंख नसतात, नखं नसतात, आणि तो आयुष्यभर एकाच ओंडक्याच्या आसपास राहतो. मतदारसंघ बदलण्याचा आरोप त्याच्यावर करताच येणार नाही.

पण चुकीच्या ओळखीचा कळस झाला तो झ्युरिकमध्ये. योहान याकोब शॉइख्त्सर नावाचा डॉक्टर, गणिताचाही जाणकार, जीवाश्मांचा मोठा संग्राहक. बायबलातल्या महाप्रलयावर त्याची अढळ श्रद्धा. प्रलयातले मासे मिळाले, शिंपले मिळाले, पण ज्यांच्या पापामुळे प्रलय आला ती माणसं कुठे गेली, हा त्याला घोर. मग ओएनिंगनच्या खाणीतून एक शिळा आली. तिच्यात रुंद कवटी, मोठ्या खोबण्या, मागे पाठीचा कणा. शॉइख्त्सरला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. 1726 मध्ये त्यानं जाहीर केलं की प्रलयाचा साक्षीदार मानव सापडला. लोक त्या शिळेपुढे उभे राहून आपापली पापं आठवू लागले.

पुढे ती शिळा हॉलंडमधल्या हार्लेमच्या संग्रहालयात गेली. तिथे 1811 मध्ये फ्रान्सचा जॉर्ज क्युव्हिए आला. हाडं ओळखण्यात त्याचा हात धरणारा तेव्हा कुणी नव्हता. त्यानं परवानगी घेऊन छिन्नीनं दगड हळूच खरवडला, आणि आतून दोन आखूड पुढचे पाय बाहेर आले. पापी माणूस तो महाकाय सॅलमँडर निघाला. पंच्याऐंशी वर्षं युरोपातले लोक एका सॅलमँडरकडे बघून पश्चात्ताप करत होते. नंतर शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं अँड्रियास शॉइख्त्सरी. अँड्रियास म्हणजे माणसाची प्रतिमा, आणि पुढे डॉक्टरचं नाव. शास्त्रीय नामकरणात टोमणा मारता येतो हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी जीवशास्त्र सोडलं नसतं. यावरूनच चेक लेखक कारेल चापेकनं 1936 मध्ये 'सॅलमँडरांशी युद्ध' ही कादंबरी लिहिली. तीत माणूस या प्राण्यांना कामाला जुंपतो आणि मग काय होतं ते सांगत नाही, मिळवून वाचा.

आगीत पाहिला तर अग्निदेव, दगडात पाहिला तर पापी माणूस, नकाशात पाहिला तर राक्षस. स्लोव्हेनियाच्या गुहांमध्ये याचा एक फिकट गुलाबी आंधळा भाऊबंद राहतो, ऑल्म. पूर आला की तो वाहत बाहेर यायचा. खाली राहणारे लोक म्हणायचे, डोंगरात ड्रॅगन आहे आणि हे त्याचं पिल्लू. 1689 मध्ये व्हाल्वासोर या लेखकानं ही समजूत नोंदवून ठेवलीय. प्रत्यक्षात हे ड्रॅगनचं पिल्लू इतकं शांत, की बोस्नियातल्या एका गुहेत संशोधकांनी खुणा करून नजर ठेवली तेव्हा एक ऑल्म 2,569 दिवस एकाच जागी आढळला. सात वर्षं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली एक स्कूटर आहे, तिचा विक्रम मी यापूर्वी अजिंक्य समजत होतो.

खरं म्हणजे या कुळाला आगीची उसनवारी करण्याची गरजच नव्हती, घरचीच नवलं पुष्कळ आहेत. जगात सॅलमँडरच्या आठशेच्या घरात जाती, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना फुप्फुसंच नाहीत. कातडीनं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेनं श्वास घेतात. आल्प्समध्ये एक काळाकुट्ट सॅलमँडर आहे. तो अंडी घालत नाही, पिलंच देतो, बहुधा दोन, आणि गरोदरपण दोन ते तीन वर्षं. बहिणीला हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "मग डोहाळजेवणं किती?"

आणि मेक्सिको शहराच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला ॲक्सोलॉट्ल. हा मोठाच होत नाही. बऱ्याच सॅलमँडरांचं पोर पाण्यात कल्ले घेऊन जन्मतं, मग कल्ले जातात आणि ते जमिनीवर येतं. हा मात्र कल्ल्यांसकट पाण्यातच राहतो, तसाच वयात येतो, संसार करतो. प्रत्येक नात्यात असा एक काका असतो. पाय तुटला तर त्याला नवा पाय फुटतो, हाडांसकट, बोटांसकट. शेपूट, कणा, हृदयाचा तुकडा, सगळं पुन्हा. 1860 च्या दशकात पॅरिसला नेलेल्या ॲक्सोलॉट्लांची पिलं वाढत असताना त्यातल्या काहींचे कल्ले एकाएकी गेले आणि ती जमिनीवर चालू लागली. त्यांना पाळणारे प्राध्यापक थक्क. तोवर कुणाला खात्रीच नव्हती की हे पोरच आहे. 2021 पासून मेक्सिकोच्या 50 पेसोंच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. ज्या कालव्यांत तो राहतो तिथे मात्र आता तो शोधून सापडत नाही. प्रयोगशाळांत आणि काचेच्या टाक्यांत लाखो, घरी जवळपास नाही.

युरोपातल्या पिवळ्या ठिपक्यांच्या सॅलमँडरवर अलीकडे वेगळंच संकट आलंय. 2013 मध्ये एका बुरशीची ओळख पटली. ती याची कातडी खाते, आणि ज्याचं अर्धं जगणं कातडीवर चालतं त्याला तेवढं पुरतं. बुरशी मूळची आशियातली, पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात आली. नेदरलँड्समधले सॅलमँडर तिच्यामुळे जवळजवळ संपले. दोन हजार वर्षं ज्याला आग काही करू शकत नाही म्हणून गाजवलं, तो ओल्या जागेत वाढणाऱ्या एका बुरशीनं गेला. हे लिहिताना मला विनोद सुचला नाही.

भारतात सॅलमँडर आहे का? आहे, पण महाराष्ट्रापासून फार दूर, पूर्वेकडच्या हिमालयात. दार्जिलिंगच्या डोंगरातल्या तळ्यांत पाऊस सुरू झाला की ते जमतात. रंग तपकिरी, पाठीच्या दोन्ही बाजूंनी गाठींची रांग. पूर्व नेपाळ आणि दार्जिलिंगकडचा हा प्राणी वेगळ्या जातीचा आहे हे तर 2015 मध्ये ठरलं. मी दार्जिलिंगला गेलो होतो. सूर्योदय पाहिला, चहा घेतला, छोट्या गाडीत बसलो. सॅलमँडर कुठे भेटतो हे विचारायचं सुचलंही नाही. तेव्हा मी 'समंदर'ला दाद देऊन नुकताच मोकळा झालो होतो.

पुस्तकात शेवटी मी 'सॅलमँडर'च ठेवलं. संपादिकाबाईंचा फोन आला, "मुलांना कळायला 'पाल' करू या का?" मी म्हटलं, बाई, दोन हजार वर्षांच्या चुकीत मला एकाचीही भर घालायची नाही. त्या म्हणाल्या, "मग तळटीप द्या, पण तीन ओळींत." हा सगळा मजकूर म्हणजे त्या तळटिपीतून उरलेलं कापड आहे. भाच्याचा हात बरा झाला. डाग राहिलाय, कारण तो ॲक्सोलॉट्ल नाही.

आता वाचकांकडे एक काम आहे. उभयचरांची घराणी तीनच. एक बेडकांचं, दुसरं सॅलमँडरांचं, आणि तिसरं ज्याला आपण देवगांडूळ म्हणतो त्याचं. हे तिसरं घराणं सह्याद्रीत राहतं. पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे, अंगावर वळ्या, कातडी ओली चकचकीत, सगळा जन्म मातीत. कोयनेच्या बाजूच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये महाराष्ट्राचंच नाव दिलंय, इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस. आंबोलीला वेगळी जात आहे. नावात आपण त्याला देव केलं आणि गांडूळही केलं, पण तो दोन्ही नाही. आणि कुदळीच्या टोकाशी वळवळताना दिसला की बहुतेक वेळा सापाचं पिल्लू म्हणून ठेचला जातो. जूनमध्ये कोकणात किंवा घाटात परसू खणताना असं काही निघालं, तर कुदळ बाजूला ठेवा. तो साप नाही. ओल्या मातीच्या ढेकळासकट उचलून सावलीत सोडा, आणि मग हात धुवा.